दार उघडे ठेवणारे बंदरगाव

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर, ग्लॉस्टर नावाचे एक लहान बंदर आहे. वस्ती तीस हजारांच्या आतबाहेर. १६२३ साली तेथे इंग्रजांची वसाहत झाली आणि तेव्हापासून गावाचा प्रपंच समुद्रावरच चालत आला. मासेमारीचा हा व्यवसाय आपल्या आचारधर्माला मानवणारा नाही, हे खरे. परंतु त्या गावाने आपल्याच वाट चुकलेल्या माणसांशी जो व्यवहार केला, तो कोणत्याही व्यापारी समाजाने नीट अभ्यासावा असा आहे.

ग्लॉस्टरच्या किनाऱ्यावर १९२५ साली उभारलेला एक कांस्यपुतळा आहे. सुकाणूचे चाक घट्ट धरून उभा असलेला दर्यावर्दी. त्याच्याजवळ समुद्रात बुडालेल्या गावकऱ्यांची नावे कोरलेली असून ती पाच हजारांहून अधिक आहेत. व्यसनाने मेलेल्यांचे स्मारक मात्र सहसा कोणतेही गाव बांधत नाही. अनेक घरांत तर अशा मुलाचे नावही पुन्हा उच्चारले जात नाही. समुद्राने नेलेला मुलगा साऱ्या गावाचा, आणि व्यसनाने नेलेला केवळ त्याच्या आईबापांचा, असा जगाचा हिशेब असतो. २०१५ साली ग्लॉस्टरने या हिशेबात फेरफार करण्याचा प्रयत्न केला.

व्यसन आणि रस्ता

हे संकट एका दिवसात आले नव्हते. १९९६ मध्ये अमेरिकेत ‘ऑक्सिकॉन्टिन’ नावाची वेदनाशामक गोळी बाजारात आली. ती अफूवर्गीय होती. तिची सवय लागण्याचा धोका कमी आहे, असे डॉक्टरांना सांगून ती विकली गेली. या दिशाभुलीबद्दल संबंधित कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि सुमारे साठ कोटी डॉलरचा दंड भरला. तोपर्यंत देशभर लक्षावधी माणसे या जातीच्या गोळ्यांच्या आहारी गेली होती. बोटीवर काम करणाऱ्याची पाठ धरते, खांदा निखळतो, दोरखंडात बोटे सापडतात. अशा गावात वेदनाशामक गोळी घरोघरी पोहोचणे स्वाभाविकच होते. पुढे गोळ्या महागल्या, त्या मिळणेही कठीण झाले. हेरॉइन त्याहून स्वस्त होते. त्यानंतर हेरॉइनमध्ये फेंटॅनिलची भेसळ होऊ लागली. हे कृत्रिम द्रव्य हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र असते. नेहमीची मात्रा घेणारा माणूस त्याच मात्रेने मरू लागला.

याच काळात समुद्रातील मासा घटला, पकडीवर निर्बंध आले, आणि २०१२ मध्ये तेथील केंद्र सरकारने ईशान्य किनाऱ्याच्या या व्यवसायावर आपत्ती ओढवल्याचे जाहीर केले. एकीकडे रोजगार आटत होता आणि दुसरीकडे घरभाडे वाढत होते. कारण अशा रम्य किनारी गावांत उन्हाळी पाहुण्यांकडून मिळणारे भाडे स्थानिक कामगाराच्या आवाक्याबाहेरचे असते. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८३ पासून मुलाबाळांसह बेघर झालेल्या कुटुंबाला निवारा देण्याचा कायदा आहे. एकट्या प्रौढ माणसाला मात्र तो हक्क नाही. व्यसनी माणूस शेवटी एकटाच उरतो, म्हणून कायद्याच्या या फटीतून तोच सर्वप्रथम रस्त्यावर पडतो.

हा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. आधी नोकरी जाते, मग घरातील वस्तू विकल्या जातात, मग भाडे थकते. काही दिवस मित्राच्या घरी, काही दिवस मोटारीत, आणि अखेर फूटपाथवर. उलट दिशेचा प्रवासही तितकाच खरा आहे. आधी रस्त्यावर आलेला आणि नंतर थंडी, भीती व निद्रानाश सोसवेना म्हणून व्यसनाला लागलेला माणूसही त्याच पायरीवर भेटतो. त्याच्याकडे पाहून कोणते आधी आणि कोणते नंतर, हे सांगता येत नाही.

बाजारपेठेचे म्हणणे

अशा गावात दुकानदाराचे म्हणणे काय असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सकाळी शटर उघडावे तर पायरीवर कोणी झोपलेला. गिऱ्हाईक कचरते, बायकामुले रस्ता बदलतात, गल्लीत वापरलेल्या सुया सापडतात. हंगामाच्या चार महिन्यांच्या विक्रीवर वर्षाचा संसार चालवणाऱ्या माणसाची ही तक्रार खोटी नसते, आणि तिला निर्दयतेचे नाव देणेही अन्यायाचे ठरते.

मात्र तो माणूस सकाळी दहा वाजता आपल्याच पायरीवर का बसला आहे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. त्याचे एक उत्तर अगदी साधे आहे. अनेक गावांतील रात्रनिवारे सकाळी रिकामे केले जातात. रात्री पाठ टेकायला जागा मिळते, पण दिवस घालवायला कोठेच नसते. म्हणून दिवसभर तो बाजारात दिसतो. ग्लॉस्टरमध्ये १९६५ पासून काम करणारी ‘ॲक्शन’ ही संस्था बेघर प्रौढांसाठी निवारा चालवते. आणि ‘ग्रेस सेंटर’ हे ठिकाण दिवसा बसायला जागा, अन्न आणि मार्गदर्शन देते. असे दिवसाचे केंद्र ही बाजारपेठेचीही सोय असते, हे व्यापाऱ्याला लवकर उमगते. कारण तेथे बसलेला माणूस दुकानाच्या पायरीवर बसत नाही.

दुसरा मार्गही असतो. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करण्याची मुभा शहरांना आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्लॉस्टरच्याच जिल्ह्यातील सेलम या दुसऱ्या किनारी शहराने सार्वजनिक जागेत तंबू ठोकण्यास मनाई करणारा नियम केला. अशा नियमाने चौक मोकळा होतो. माणूस मात्र नाहीसा होत नाही. तो पुढच्या चौकात, नाहीतर पुढच्या गावात जातो, आणि त्याच्या दंडाची थकबाकी तेवढी वाढत राहते.

पोलीस ठाण्याचे दार

२०१५ च्या पहिल्या चार महिन्यांत ग्लॉस्टरमध्ये अमली पदार्थांची मात्रा जास्त झाल्याच्या अनेक घटना घडल्या आणि चार जण दगावले. एवढ्याशा गावाला हा आकडा मोठा होता. त्या वेळचे पोलीसप्रमुख लिओनार्ड कॅम्पॅनेलो यांनी पूर्वी अमली पदार्थविरोधी कामात साध्या वेशात नोकरी केलेली होती. अटक केलेला व्यसनी सुटतो, पुन्हा तेच करतो, पुन्हा पकडला जातो, हे चक्र त्यांनी जवळून पाहिले होते. मे महिन्यात त्यांनी जाहीर केले, की जो कोणी व्यसनी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन मदत मागेल, जवळचा माल आणि साहित्य स्वाधीन करील, त्याच्यावर गुन्हा दाखल होणार नाही. त्याला त्याच वेळी उपचाराच्या मार्गाला लावले जाईल. १ जून २०१५ पासून हा उपक्रम सुरू झाला. ठाणे चोवीस तास उघडे असल्यामुळे मदतीचे दारही चोवीस तास उघडे झाले.

पुढची व्यवस्था साधी होती. ठाण्यावरचा अधिकारी स्वतः दूरध्वनी करून उपचारकेंद्रात जागा शोधी. ती मिळेपर्यंत गावातील एक स्वयंसेवक त्या माणसाजवळ बसे. या स्वयंसेवकांना ‘एंजल’ म्हणत. काही तास, क्वचित रात्रभर, त्याला एकटे न सोडणे, चहापाणी विचारणे आणि त्याचे ऐकणे, एवढेच त्यांचे काम. प्राण वाचवणारे ‘नॅलोक्सोन’ हे औषध गावातील औषध दुकानांतून सहज मिळावे, ज्याच्याकडे विमा नाही त्याचा खर्च पोलिसांनी सोसावा आणि तो पैसा अमली पदार्थांच्या विक्रेत्यांकडून जप्त केलेल्या रकमेतून यावा, अशीही योजना होती. विषाच्या विक्रीतून आलेला पैसा उताऱ्याकडे वळवण्याचा हा व्यवहार मोठा समंजस म्हटला पाहिजे.

विरोध झालाच. गुन्हा दाखल न करण्याचे वचन देण्याचा पोलीसप्रमुखांना अधिकार नाही, अशी हरकत जिल्ह्याच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने घेतली. बाहेरगावचे व्यसनी येथे गोळा होतील, ही भीतीही होती; आणि बाहेरचे लोक, अगदी दूरच्या राज्यांतले, आलेही. पण ते गावात ठाण मांडण्यासाठी आले नव्हते. कोणीतरी दार उघडेल या आशेने ते आले आणि जेथे जागा मिळाली त्या उपचारकेंद्राकडे गेले.

वेळेला एवढे महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. अफूवर्गीय द्रव्याची मात्रा चुकली की काही तासांतच अंग मोडून येते, उलट्या आणि जुलाब होतात, जीव कासावीस होतो. आपल्याकडे या यातनांना ‘टर्की’ म्हणतात. अशा माणसाच्या मनात ‘आता पुरे’ हा विचार उमटतो, तो क्षण फार थोडा असतो. त्याला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले, तर तो पुढच्या तासाभरात विकणाऱ्याकडे जातो; कारण विकणारा कधीच पुढची तारीख देत नाही. ग्लॉस्टरने केले ते एवढेच, की विकणाऱ्याइतक्याच तत्परतेने मदत हजर ठेवली.

आकडे काय सांगतात

या उपक्रमाच्या पहिल्या वर्षाचा अहवाल डिसेंबर २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जून २०१५ ते मे २०१६ या काळात ३७६ माणसे एकूण ४२९ वेळा मदत मागायला आली. त्यांपैकी मदतीस पात्र ठरलेल्या सुमारे ९५ टक्के प्रसंगी थेट उपचाराची जागा देऊ करता आली आणि सुमारे ९० टक्के प्रसंगी माणूस खरोखर त्या केंद्रात दाखल झाला.

हिशेब वाचण्याची सवय असलेल्याला येथे आणखी एक गोष्ट दिसेल. ३७६ आणि ४२९ यांतला फरक ५३ आहे. म्हणजे काही माणसे घसरली आणि पुन्हा आली. हे अपयश मानावे का? व्यापारात याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. उधारी थकलेले गिऱ्हाईक दुकानासमोरून जायचे टाळते, मागच्या गल्लीने जाते. चारचौघांत त्याची अब्रू काढणाऱ्या सावकाराची रक्कम बुडते. आणि ‘येत जा, जमेल तसे दे’ म्हणणाऱ्याची बहुधा वसूल होते. खाते बुडीत होते ते माणूस तोंड चुकवू लागला म्हणजे. ती ५३ खेपांची माणसे तोंड चुकवीत नव्हती. घसरल्यावरही त्याच दारात परत येण्याची त्यांना लाज वाटली नाही, हेच त्या उपक्रमाचे मोठे भांडवल होते.

खर्चाची बाजूही पाहावी. सुरुवातीच्या महिन्यांत पोलिसांनी मांडलेल्या हिशेबानुसार एका माणसामागे सुमारे ५५ डॉलर खर्च येत होता. त्यालाच अटक करून, कागदपत्रे करून एक दिवस कोठडीत ठेवण्याचा खर्च सुमारे २२० डॉलर होता. अर्थात हा केवळ ठाण्याचा खर्च झाला. उपचाराचा खर्च विमा आणि शासन यांवर पडत होता. २००६ च्या कायद्यामुळे त्या राज्यात बहुतेक सर्वांना आरोग्यविमा मिळालेला होता, ही अनुकूलता विसरून चालणार नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. राज्यात २०१६ मध्ये अफूवर्गीय द्रव्यांनी मरणाऱ्यांची संख्या दोन हजारांवर गेली. एका गावाच्या सद्भावनेने फेंटॅनिलची लाट थोपली नाही. शिवाय व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे राहून बाहेर आलेल्या माणसाला घर नसेल, तर तो त्याच फूटपाथवर येतो. तोपर्यंत त्याच्या शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, म्हणून जुनी मात्रा आता प्राणघातक ठरते. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून डॉ. सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘आधी घर, मग बाकीचे’ हा विचार मांडला, तो याच अनुभवातून. ग्लॉस्टरमध्येही पुढे प्रमुख बदलले, उपक्रमाचे रूप बदलले. परंतु व्यसन, मानसिक आजार आणि बेघरपण यांच्याकडे एकत्र पाहण्याची दृष्टी पोलीस दलात टिकली, आणि त्याचे अनुकरण अमेरिकेतील शेकडो पोलीस दलांनी केले.

उपगूहन आणि स्थितीकरण

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितीकरण ही दोन अंगे एकापाठोपाठ सांगितली आहेत. दुसऱ्याच्या दोषाचा डांगोरा न पिटणे हे उपगूहन, आणि मार्गावरून ढळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे हे स्थितीकरण. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ ग्रंथात उपगूहनासाठी जिनेंद्रभक्त श्रेष्ठी या एका व्यापाऱ्याचे, तर स्थितीकरणासाठी श्रेणिकपुत्र वारिषेण मुनींचे नाव दिलेले आहे. संसाराकडे मन ओढ घेत असलेल्या आपल्या सोबत्याला वारिषेणांनी धिक्कारले नाही. ते त्याला बरोबर घेऊन निघाले आणि जे दाखवायचे ते दाखवून त्याचे मन ताळ्यावर आणले.

आपल्या व्यापारी घरांत पहिल्या अंगाचे पालन फार काटेकोर होते. मुलगा दारूच्या किंवा चरस-गर्दच्या नादी लागला, तर ती गोष्ट भिंतीबाहेर जाणार नाही याची दक्षता सारे घर घेते. बहिणीचे लग्न व्हायचे असते, बाजारात पत सांभाळायची असते, काका-पुतण्यांच्या भागीदारीत आधीच कुरबुर असते. म्हणून ‘तब्येत बरी नाही’ असे सांगितले जाते. त्याचे देणे गुपचूप फेडले जाते. फार झाले तर त्याला दुसऱ्या गावच्या शाखेवर पाठवले जाते. तेथे त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणीच नसते. दोष झाकला जातो, पण माणूस सावरला जात नाही. स्थितीकरणाशिवायचे उपगूहन म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी होय. आणि पुढे त्याच घरातून एक दिवस त्याला बाहेर काढले जाते, तेव्हा तो कोणत्या तरी अनोळखी गावातील दुकानाच्या पायरीवर बसलेला ‘गर्दुल्ला’ होतो. तेथील दुकानदाराला त्याचे गोत्र ठाऊक नसते.

घृणा न करणे हेही त्या आठांतील एक अंग आहे, निर्विचिकित्सा. रस्त्यावरच्या मळलेल्या, जखमा चिघळलेल्या माणसाजवळ काही तास बसणाऱ्या ग्लॉस्टरच्या स्वयंसेवकांना हा शब्द ठाऊक नव्हता. आचार मात्र त्यांनी केला. आणि चार दानांपैकी अभयदान आधी दिल्यावाचून औषधदान घ्यायला रुग्ण पुढे येतच नाही, हेही तेथील अनुभवाने दाखवून दिले.

आपल्याकडची दारे

आपल्या देशात हे संकट लहान नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने २०१९ मध्ये सादर केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात, आणि मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्याही प्रकारचा उपचार मिळतो. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले. शहरी बेघरांसाठी एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असे मोजमाप ठरलेले आहे. कोकणातील बहुतेक बंदरगावांची वस्ती लाखाच्या आत असल्यामुळे त्या मोजमापातून ती सहज निसटतात. तेथील माणूस देवळाच्या ओवरीत, एस.टी. स्थानकावर किंवा जेटीवर झोपतो.

तरीही काही दारे उघडी आहेत आणि ती प्रत्येक घराला माहीत असावीत. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासनमान्य केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्या आरोपाखालील खटल्यापासून त्याला संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले, तर ते संरक्षण काढून घेता येते. ग्लॉस्टरने जे वचन जाहीर केले, त्याचे बीज आपल्या कायद्यात आधीपासून आहे. ते फारच थोड्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. उपचार घेतलेली माणसे तेथे नव्या रुग्णांचा हात धरतात. अफूवर्गीय व्यसनावर पर्यायी औषधोपचाराची सोय अनेक शासकीय केंद्रांत आहे.

कुटुंबाने करायचे ते असे. घरातील बाब बाजारात सांगू नये, परंतु डॉक्टरांपासून लपवू नये. देणे फेडण्याआधी उपचाराची जागा ठरवावी. ‘आता पुरे’ असे तो ज्या रात्री म्हणेल, त्याच रात्री गाडी काढावी. दिवाळीनंतर किंवा लग्नसराईनंतर असे म्हणू नये. तो परतल्यावर त्याला रिकामे ठेवू नये आणि लगेच गल्ल्यावरही बसवू नये. मालाची आवक-जावक, गोदामाची नोंद, वसुलीसाठी कोणाबरोबर तरी फिरणे, अशी रोख हाताळावी न लागणारी आणि सोबत असणारी कामे द्यावीत. तो पुन्हा घसरला, तर पुन्हा न्यावे.

समाजाने करायचे तेही अवघड नाही. आपल्या पेढ्या आणि न्यास गावोगावी धर्मशाळा, पाणपोई, पांजरपोळ चालवत आले आहेत. आजारी गुरांना आयुष्यभर सांभाळणाऱ्या समाजाला आपल्या गावातील चार-सहा बेघर माणसांसाठी दिवसा बसायची एक खोली, एक न्हाणी आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर एवढी व्यवस्था करणे आवाक्याबाहेरचे नाही. व्यापारी संघटनेच्या बैठकीत ‘यांना येथून हलवा’ असा ठराव जेव्हा येईल, तेव्हा कोणीतरी उठून ‘कोठे?’ एवढे विचारले, तरी ती खोली कोठे असावी याची चर्चा त्याच बैठकीत सुरू होऊ शकेल.